एन्टेई, सुरमई आणि लाईट

मालवणात जून लागला की दोन गोष्टी बंद पडतात, मासेमारी आणि लाईट. मासेमारी निदान तारीख सांगून, १ जून ते ३१ जुलै. लाईटला माडाची एक झावळ हलली तरी पुरते.

नेमकं याच दिवसांत मुंबईच्या मावसभावाने जुना गेमक्यूब, म्हणजे टीव्हीला जोडून खेळायचा डबा, माझ्या गळ्यात मारला. सोबत तळहाताएवढ्या चकतीवर २००३चा 'पोकेमॉन कोलोसियम' हा खेळ. यात रानात हिंडून पोकेमॉन पकडायचे नसतात; समोरच्या गुंडाचा पोकेमॉन भर लढाईत चेंडू फेकून पळवायचा असतो. आजी दोन मिनिटं बघत बसली. "दुसऱ्याचा जनावर चोरतंस?" मी समजावलं, आजी, गुंडांनी या पोकेमॉनच्या मनाचं दार बंद केलंय, आपण ते उघडतो. "सगळे चोर असाच सांगतत."

खरी मेख वेगळीच. खेळ वाटेल तिथे सेव्ह होत नाही, त्याला खेळातलाच एखादा पीसी, म्हणजे कॉम्प्युटर, गाठावा लागतो. माउंट बॅटल या खेळातल्या डोंगरावर एकेकाला लोळवत वर पोचलो, तर पुढे डाकिम नावाचा गुंड आणि त्याचा पोकेमॉन एन्टेई. आगीचा. पाण्याचा वार जोरात बसला तर तो गारद, म्हणजे चोरायला काही उरत नाही. हळू बसला तर तोच आपल्याला भाजून काढतो. त्यात लढाई दोघांशी दोघांची. एन्टेईला चुचकारावं तर बाजूचा हाणतो. शेवटी तो अर्धमेला झाला, मी चेंडू टाकला. चेंडू एकदा हलला. दुसऱ्यांदा हलला.

खट्ट. टीव्हीत माझंच तोंड.

स्वयंपाकघरात फ्रीज मात्र मजेत घुरघुरत होता. आमच्या इन्व्हर्टरवर तो आणि एक पंखा, कारण आत बंदीआधी घेतलेली सुरमई. दहा मिनिटं फ्रीजऐवजी टीव्ही लावू का, असं बाबांना विचारलं. त्यांनी वर्तमानपत्राची घडी घातली, उत्तर दिलं नाही.

असं तीनदा झालं. चौथ्यांदा आभाळ काळवंडताच मी गुपचूप माजघरातून लांब वायर ओढली आणि फ्रीजच्या जागी टीव्ही-गेमक्यूब जोडले. लाईट गेली. टीव्ही चालू! चेंडू हलला, हलला, हलला आणि थांबला. एन्टेई माझा!

"अरे, फ्रीज कित्याक गप आसा?" आईची पावलं स्वयंपाकघराकडे वळली.

आणि पीसी अजून डोंगराखाली होता.