फसा, पण नियमाप्रमाणे

पुढची साथ कधी येईल ते कुणाला सांगता येत नाही. पण आली की ‘नागरिकांनी सतर्क राहावे’ हे पत्रक न चुकता येईल. तेव्हा भामट्यांपासून सतर्क राहायचा सराव आत्ताच सुरू करा, ऐन वेळी धांदल नको.

आधी शुद्धलेखन सुधारा. एप्रिल २०२१ मध्ये लोक कोविडवरच्या रेमडेसिविर इंजेक्शनसाठी दारोदार हिंडत होते, तेव्हा दिल्ली पोलिसांनी खरं-खोटं ओळखायच्या खुणा सांगितल्या होत्या. खोट्या खोक्यावर औषधाच्या नावाआधी ‘आरएक्स’ नसतं आणि पत्त्यातल्या ‘तेलंगणा’च्या स्पेलिंगमधला एक ‘एन’ गळालेला असतो. सोपं आहे. आप्पांचा ऑक्सिजन ८४ वर आलेला असताना, छत्रपती संभाजीनगरच्या घाटी या सरकारी दवाखान्याच्या बाहेर, रात्री दोन वाजता, कुणाच्या तरी डिकीतून निघालेलं खोकं मोबाइलच्या उजेडात धरायचं आणि त्यावरचं बारीक इंग्रजी सावकाश वाचायचं. चूक सापडली की खोकं परत द्यायचं. आप्पांना काय सांगायचं ते मात्र पत्रकात दिलेलं नाही.

दान करणाऱ्यांनाही ही परीक्षा चुकली नव्हती. मार्च २०२० मध्ये पीएम केअर्स निधीच्या खऱ्या यूपीआय आयडीत ‘केअर्स’चा ‘एस’ होता, नकलीत तेवढा नव्हता. पुण्य आणि भामटा यांच्यात एका अक्षराचं अंतर.

चिठ्ठीवर डॉक्टरांनी ‘सहा व्हायल, बाहेरून आणा’ असं लिहिलं, तर निमूटपणे मेडिकलकडे पळू नका. दवाखान्यात भरती असलेल्या कोविड रुग्णांना रेमडेसिविर देऊ नये, अशी शिफारस जिनिव्हातल्या जागतिक आरोग्य संघटनेनं नोव्हेंबर २०२० मध्येच केली होती. तुम्ही ती वाचली नाहीत? मग दोष कुणाचा? शेतात हरभरा काढताना माणसानं जिनिव्हाकडे जरा लक्ष ठेवायला नको का?

आता फोनचं. नियंत्रण कक्षाचा नंबर एंगेज लागेल. दुसरा वाजून वाजून बंद होईल. तिसरा लागला तर ‘साहेब मीटिंगमध्ये आहेत.’ शेवटी व्हॉट्सअॅपवर फॉरवर्ड होऊन आलेला नंबर लावाल, तर तो पहिल्या रिंगला उचलला जाईल. ‘नमस्ते सर, पेशंट का ऑक्सिजन लेवल कितना है? खाना खा रहे हैं?’ अख्ख्या दिवसात आप्पांच्या जेवणाची चौकशी करणारा हा पहिला माणूस. संशय इथेच यायला हवा. इतकी आपुलकी सरकारी असूच शकत नाही.

पुढचं सगळं अगदी रीतसर होतं. तो स्वतःचं, म्हणजे कुणाचं तरी, आधार कार्ड पाठवतो. पॅक केलेल्या खोक्यावर मार्करनं तुमचं नाव लिहून फोटो पाठवतो. आप्पांचं आडनाव बरोबर लिहिलेलं असतं, जे केसपेपरवरसुद्धा कधी बरोबर नसतं. निम्मे पैसे आधी. मग जीएसटी. मग ‘रिफंडेबल’ डिपॉझिट. मग ‘सर, जालना क्रॉस कर लिया.’ त्यानंतर डीपी गायब.

दोन दिवसांनी दुसऱ्याच नंबरवरून पैसे परत द्यायला कुणीतरी हजर होतो. कोड स्कॅन करा आणि पिन टाका म्हणतो. यूपीआयचा पिन पैसे देताना लागतो, घेताना कधीच लागत नाही. मोबाइलचा स्क्रीन दाखवणारं अॅप टाका म्हणणारा तर थेट तिजोरीत शिरतोय. (एवढी दोन वाक्यं उपरोधाची नाहीत. घरच्यांना वाचून दाखवा.)

सरकार काही करत नव्हतं म्हणाल तर तोही अन्याय होईल. सायबर फसवणुकीसाठी १५५२६० ही हेल्पलाइन होती की. केंद्रीय गृह मंत्रालयानं ती १७ जून २०२१ ला देशभर जाहीर केली, म्हणजे दुसरी लाट ओसरल्यावर, निवांतपणे. त्या दिवशी ती सात राज्यांत आणि केंद्रशासित प्रदेशांत चालू होती. तेलंगणा होता, मध्य प्रदेश होता, छत्तीसगड होतं. महाराष्ट्र नव्हता. यात नांदेडकरांची केवढी सोय होती बघा! धर्माबादहून तेलंगणाची हद्द ओलांडायची, बासरला सरस्वतीचं दर्शन घ्यायचं आणि तिथे बसून फसायचं. लातूर-बीडवाल्यांना जरा लांब पडलं असतं, पण फसायचं म्हटलं की प्रवास आलाच.

ठाण्यात गेलात तर तयारीनं जा. ‘शिकल्यासवरल्यासारखे दिसता, तरी असं कसं?’ हा पहिला प्रश्न. दुसरा, ‘काळ्या बाजारात घ्यायला गेलातच कशाला?’ दाजी आणि मेव्हणेही हेच विचारतील, त्यामुळे उत्तर एकदाच पाठ करून ठेवलेलं बरं. पांढऱ्या बाजारात मिळत नव्हतं, असं मात्र म्हणू नका. वाद वाढतो.

आता नंबर बदलून १९३० झालाय, महाराष्ट्रातही लागतो. पैसे गेल्या-गेल्या लावा, ते पुढच्या खात्यात सरकायच्या आत. दहावं उरकून मग बघू, असं करू नका. आणि फोन लागला की आप्पांची हकीकत सांगत बसू नका. तिथे बँक, वेळ, रक्कम आणि व्यवहाराचा क्रमांक एवढंच विचारतात.