टिकलीचं पाकीट, दहा रुपये

सकाळपासून डोकं फिरलंय. शांत झाल्यावर लिहू असं ठरवलं होतं, पण शांत झाले तर लिहिणारच नाही, म्हणून आत्ताच.

आम्ही चौघं कॉलेजपासूनचे मित्रमैत्रिणी, सगळे ठाण्यातलेच. 2019च्या दिवाळीपासून शहापूर तालुक्यातल्या एका बाईला आणि तिच्या दोन मुलांना दर महिन्याला सहा हजार रुपये पाठवतो. प्रत्येकी दीड हजार. त्या वर्षी भातलावणीत तिच्या नवऱ्याला साप चावला आणि तो गेला. शेत दुसऱ्याचं, सातबाऱ्यावर नाव नाही, त्यामुळे शेतकरी अपघाताची मदतही नाही. मुलगी तेव्हा चौथीत होती, आता दहावीला आहे. मुलगा अंगणवाडीत होता.

तिचं नाव लिहीत नाही. फोटोही टाकणार नाही.

तर आज सकाळी मुलीने स्टेटस ठेवलं. गावातल्या बचत गटाच्या बायकांनी संक्रांतीचं हळदीकुंकू केलं आणि विधवा बायकांना मुद्दाम बोलावून घेतलं. फोटोत ती उभी आहे. हातात वाणाची स्टीलची वाटी, हिरव्या बांगड्या, गजरा, कपाळावर लहानशी टिकली. हसतेय. सव्वासहा वर्षांत मी तिला अशी हसताना पाहिली नव्हती. तो फोटो बोटांनी मोठा करून करून पाहिला आणि चहा गार झाला.

दहा मिनिटांनी आमच्या चौघांच्या ग्रुपवर एका मित्राने त्याच फोटोचा स्क्रीनशॉट टाकला. खाली लिहिलेलं, 'मजेत आहेत की! आपण अजून किती वर्षं पाठवायचे?' मग पुढे, साडी नवी दिसतेय, आता लाडकी बहीणचेही मिळत असतील, आणि गरजू काय, दुसरेही आहेत.

साडी कुठून आली ते मला माहीत आहे. सांगणार नाही. सांगितलं तर मीही तिच्या वतीने हिशेबच देत बसले असं होईल.

हिशेबावरून ती वही आठवते. ती वही माझ्या डोक्यातून जात नाही.

लॉकडाऊन संपल्यावर, 2021च्या डिसेंबरात मी एकटीच गेले होते. कसारा लोकल, आसनगावला उतरून शेअर रिक्षा, पुढे अर्धा तास चालत. तिने चहा केला, मग फळीवरची दोनशे पानी वही काढून माझ्या हातात दिली. मी मागितली नव्हती. मुलीच्या अक्षरात तारीख, वस्तू, रुपये. गोडेतेल. कंपासपेटी. बाबूचा खोकल्याचा डॉक्टर. कौलं शाकारायची मजुरी. महिन्याच्या खाली बेरीज आणि बेरजेखाली दोन रेघा, शाळेत शिकवतात तशा. एका पानावर 'टिकली पाकीट – 10' असं लिहिलेलं होतं आणि त्यावर पट्टीने सरळ रेघ मारून खोडलेलं होतं. बेरीजही खोडून दहा रुपयांनी कमी करून परत लिहिली होती.

आणि मी काय केलं? वही मिटली आणि त्या पोरीच्या पाठीवर हात ठेवून म्हटलं, 'शाब्बास, अशीच लिहीत जा.'

मला त्या वेळी बरं वाटलं होतं. आपले पैसे जागी लागतायत, माणसं प्रामाणिक आहेत, असं वाटलं. परतीच्या गाडीत खिडकी मिळाली आणि मी छान झोपले. ती खोडलेली ओळ मला दिसली होती, पण कळली नव्हती. कळायला पुढे कितीतरी महिने लागले. आज तो स्क्रीनशॉट पाहिल्यावर पोटात अक्षरशः गोळा आला, कारण ती पोर सहावीत असताना जे समजून चुकली होती, ते आज खरं ठरलं. आईच्या कपाळावरच्या टिकलीचा हिशेब कुणीतरी विचारणार, हे तिला ठाऊक होतं.

लाडकी बहीणचं सांगते. 2024ला योजना आली तेव्हा तिला ते पैसे मिळाले नाहीत, कारण तिला संजय गांधी निराधारचे दीड हजार आधीच मिळतात. दोन मुलांच्या विधवेला निराधारचे पूर्वी बाराशे होते, 2023मध्ये दीड हजार झाले. त्यासाठी वर्षाचं उत्पन्न एकवीस हजारांच्या आत असल्याचा दाखला लागतो. भाग बारा करा. महिन्याला साडेसतराशे. तीन माणसं. आपल्यातली दोन माणसं घोडबंदर रोडला एकदा जेवायला गेली तर तेवढं बिल होतं, आणि आपण त्याची वही लिहीत नाही.

मुलांसाठी सरकारची बालसंगोपन योजना आहे, मुलामागे महिन्याला 2250. आहे म्हणजे मंजूर आहे. फाइल दोन वर्षं फिरली, प्रत्येक खेपेला एक दिवसाची मजुरी बुडाली, आणि पैसे येतात तेव्हा कित्येक महिन्यांचे एकदम येतात. दुकानदार काही तोवर थांबत नाही. त्या अर्जाला घरासमोर मुलांना घेऊन उभं राहिलेला फोटो जोडायचा होता. तो माझ्याकडे आहे, प्रिंट मीच काढून दिली होती. त्यात तिघंही अशी उभी आहेत की बघवत नाही. त्या फोटोवर ग्रुपमध्ये कुणी विचारलं नव्हतं, अजून किती वर्षं. सगळ्यांनी हात जोडले होते.

2022च्या मे महिन्यात कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाडच्या ग्रामसभेने ठराव केला, की नवरा गेल्यावर बाईचं कुंकू पुसायचं नाही, बांगड्या फोडायच्या नाहीत, मंगळसूत्र तोडायचं नाही. त्याच महिन्यात सरकारनेही परिपत्रक काढून सगळ्या ग्रामपंचायतींना हेरवाडचा कित्ता गिरवायला सांगितलं. तेव्हा ती बातमी आमच्या ग्रुपवर सगळ्यात आधी कुणी टाकली होती? यानेच. फुले, कर्वे, सगळे आठवले होते त्याला. मग मित्रा, हेच तर होतं ना ते? हीच बाई, ह्याच बांगड्या. तुझ्या दीड हजारातल्या निघाल्या म्हणून लगेच खुपल्या?

पैसे नीट पोचतायत का हे पाहायला हवं, विधवांच्या नावावर स्वतःची घरं भरणारे असतात, मान्य. पाहावंच. त्यासाठी शाळेची हजेरी पुरते, पोरगी दहावीपर्यंत आली हे पुरतं.

आता थोडा राग उतरलाय. यानेही सव्वासहा वर्षांत एक महिना चुकवलेला नाही, नोकरी गेली होती तेव्हासुद्धा नाही. तो वाईट माणूस नाही. म्हणूनच जास्त लागलं. आपण सगळे थोडेफार असेच आहोत, मी तर 'शाब्बास' म्हणून आलेली आहे. द्यायला लागलो की आपल्याला वाटतं, समोरच्या घरात एक खुर्ची आपली झाली. तिथे बसून आपण तिचं ताट बघतो, पायातली चप्पल बघतो, मोबाइल कुठल्या कंपनीचा ते बघतो.

आणि आपण देतो म्हणजे तरी काय? तिच्या तालुक्यात भातसा, तानसा ही धरणं. भातसेचं पाणी ठाण्यात माझ्या नळाला येतं, रोज सकाळी बादली भरून वाहून जाईपर्यंत येतं. तिच्या पाड्यावर एप्रिल-मे टँकर. मी गेले होते तेव्हा तिने मला पाय धुवायला तांब्याभर पाणी दिलं होतं, आणि ते पाणी भाजीच्या आळ्यात जाईल अशा बेताने मला उभं केलं होतं. याचे पैसे कोण कुणाला पाठवणार आहे?

परत त्याच वहीवर येते. ती खोडलेली ओळ वाचता येत होती. पोरीने शाईने गिरवून काळी केली नव्हती, फक्त एक रेघ. म्हणजे पाकीट बहुतेक घेतलं असणार, फक्त आमच्या पैशांतून घेतलं असं दिसायला नको होतं. त्या दिवशी मात्र तिच्या कपाळावर टिकली नव्हती. मी येणार हे तिला माहीत होतं.

दहावीची परीक्षा तोंडावर आलीय. कुणाला थांबायचं असेल त्याने थांबावं, त्याचा वाटा मी भरेन, तो विषय संपला.

हे सगळं लिहीत होते आणि मधेच पुन्हा तो फोटो बघावा म्हणून स्टेटस उघडलं, तर ते नव्हतं. सकाळी ठेवलेलं, चोवीस तास व्हायला अजून रात्र जायची होती. पोरीला फोन केला. आधी काही बोलेना. मग म्हणाली, 'काकांचा रिप्लाय आला होता, मजा चाललीय वाटतं म्हणून. आईला वाचून दाखवला. आई म्हणाली, काढ.'

मी तिला म्हटलं, तो फोटो मला पाठव, मला हवाय. 'हो ताई' म्हणाली.

पावणेनऊ झाले. अजून आलेला नाही.