एक्सेल, कडक भाकरी आणि पिवळी चिठ्ठी

धाकटा सप्टेंबरमध्ये तीनचा होणार होता आणि ऑरलँडोच्या डिस्ने वर्ल्डमध्ये तिनाच्या आतल्या पोरांना तिकीट लागत नाही, या एका वाक्यावर आमची अख्खी ट्रिप ठरली. म्हणजे 2023 च्या ऑगस्टात. म्हणजे फ्लोरिडात, ऑगस्टात. ज्यांनी हे प्रकरण अनुभवलेलं नाही त्यांनी मे महिन्यातली मुंबई घ्यायची, त्यातला समुद्राचा वारा काढून टाकायचा आणि दुपारी तीनच्या सुमाराला त्यावर विजांसकट बादली उपडी करायची. सासूबाई-सासरे तेव्हा आमच्याकडे न्यू जर्सीत आलेले होते, त्यांनाही घेतलं. दोघं कुर्डुवाडीचे, त्यामुळे उन्हाचं आम्हाला काय सांगता असा एकूण आविर्भाव होता. विमानतळाच्या बाहेर पाऊल टाकलं आणि सासूबाई म्हणाल्या, "अगं आमच्या सोलापूरचं ऊन बरं की, घाम वाळतो तरी."

आता कबुली देते. मी पोटापाण्यासाठी प्रोजेक्ट मॅनेजमेंट करते आणि या ट्रिपचं मी एक्सेल केलं होतं. साधंसुधं नाही, चार शीट्सचं, रंग भरलेलं. पहिला दिवस डिस्नेचं मॅजिक किंगडम पार्क, दुसरा त्यांचंच अ‍ॅनिमल किंगडम, तिसरा परत मॅजिक किंगडम. प्रत्येक राईडपुढे वेळ, कुणाला कुठे उंचीची अट, कोण बसणार, कोण खाली पोरगं धरून थांबणार, आणि दर दोन तासांनी दहा मिनिटं बफर. नवरा ते बघून नुसता "छान आहे" म्हणाला. अकरा वर्षांच्या संसारात हा माणूस "छान आहे" कधी म्हणतो ते मला तेव्हाच कळायला हवं होतं.

पहिल्या दिवशी साडेआठला गेटवर असं लिहिलं होतं. पण मॅजिक किंगडमची गंमत अशी की पार्किंगपासून गेट दिसतसुद्धा नाही, आधी गाडी लावा, मग ट्रॅममध्ये बसा, मग तळ्याच्या पलीकडे जायला मोनोरेल नाहीतर बोट, आणि प्रत्येक टप्प्यावर डायपर बॅग, पाण्याच्या बाटल्या, छत्र्या, दोन म्हातारी माणसं आणि स्ट्रोलर. नवरा लहानपणी गोराईच्या जेटीवरून लाँचने एस्सेलवर्ल्डला गेला होता ती गोष्ट त्याने बोटीत सगळ्यांना सांगितली, मग मोनोरेल बघून परत सांगितली. धाकट्याला बोट इतकी आवडली की पलीकडे पोचल्यावर तो उतरायलाच तयार होईना. त्याच्या लेखी ट्रिप झाली होती. आता घरी.

गेटवर बाईंनी हसून विचारलं, बाळ किती वर्षांचं? थोरलीने त्याला आठवडाभर आधीपासून तीन बोटं दाखवायला शिकवून ठेवलेलं, वाढदिवस जवळ आला म्हणून. त्याने अगदी अभिमानाने तीन बोटं वर केली. माझ्या पोटात गोळा. मी काही बोलायच्या आत सासूबाई पुढे झाल्या आणि इंग्लिशमध्ये ठणकावून म्हणाल्या, "नो नो, टू अँड इलेव्हन मंथ!" जन्मतारखेचा दाखलाही त्यांच्या पर्समध्ये होता. लॅमिनेट केलेला. बाई हसून हसून बेजार, आम्ही आत. सव्वादहा वाजले होते. एक्सेलप्रमाणे तोवर आमच्या चार राईड्स झालेल्या होत्या.

मग बाथरूम.

या विषयावर कुणीच का लिहीत नाही मला कळत नाही. धाकट्याचा डायपर जूनमध्ये सुटला होता, म्हणजे अनुभव जेमतेम दोन महिन्यांचा, आणि अमेरिकेतल्या सार्वजनिक बाथरूममध्ये फ्लश आपोआप होतो, मागे एक सेन्सर असतो, माणूस हलला की धो धो पाणी. मोठ्या माणसाच्या आकाराला तो नीट ओळखतो. तेरा किलोचं पोरगं त्यावर बसलं की सेन्सरला वाटतं कुणीच नाही, बसल्या बसल्या खालून धबधबा सुटतो. धाकट्याने जी किंकाळी फोडली ती बहुतेक तळ्यापलीकडच्या पार्किंगपर्यंत गेली असेल. त्यानंतर आमची शू बंद. एकदम बंद. पोरगं मांड्या आवळून उभं, "नको, तो ओरडतो", आणि मी घामाघूम होऊन त्याला समजावतेय की तो ओरडत नाही रे राजा, तो फक्त धुतो. पस्तीस मिनिटं. बफर दहा. तेवढ्यात शेजारच्या दाराखालून एक हात आला. खरंच नुसता हात, त्यात पिवळी पोस्ट-इटची चिठ्ठी, आणि आवाज आला, सेन्सरवर चिकटव. चिकटवली. सेन्सर आंधळा झाला. शांतपणे शू झाली. बाहेर येऊन मी त्या बाईला शोधलं पण तिथे हात धुणाऱ्या चाळीस बायका, कुणाचा हात कसा ओळखणार. जी कोण होती तिचं भलं होवो.

उन्हातला पुढचा तास बगळ्यांमध्ये गेला. म्हणजे खरे बगळे नव्हेत, तिथे बगळ्यासारखे पांढरे, बाकदार चोचीचे आयबिस पक्षी कुठेही फिरत असतात, लोकांच्या पायात, टेबलाखाली, सांडलेले फ्राईज टिपत. मागे किल्ला, पुढे डंबो राईडचे उडते हत्ती, आणि माझा मुलगा एका बगळ्याच्या मागे गोल गोल, बगळासुद्धा बेरका, उडायचा नाही, फक्त दोन पावलं पुढे. थोरली तोवर स्ट्रोलरमध्ये. हीच बया न्यू जर्सीत म्हणत होती की मी मोठी आहे, मला स्ट्रोलर नको, आणि अकरा वाजता ती त्यात पाय लोंबकळत बसलेली, ज्याच्यासाठी आणला तो पायी. अजून एक गोष्ट, थोरली तेव्हा साडेत्रेचाळीस इंच आणि स्पेस माउंटन या अंधारातल्या रोलर कोस्टरला लागतात चव्वेचाळीस. घरी दाराच्या चौकटीवर पेन्सिलने रोज मोजत होतो, महिनाभरात काही हललं नाही. तरी ती त्या मापाच्या काठीखाली उभी राहिली, टाचा उचलून, श्वास कोंडून, वेणी टाळूवर बांधून. काठीला वेणी मोजता येत नाही. तिथे जो भोकाड पसरला तो ऐकून सासूबाई म्हणाल्या, "घरी गेल्यावर दांडीला लटकव रोज, वाढते उंची." मी एक्सेलमध्ये स्पेस माउंटन आशेवर टाकलं होतं. चूक माझी.

जेवण मात्र झकास झालं. आत खाणं नेऊ देतात, काचेचं काही नको एवढंच. सासूबाईंनी कुर्डुवाडीहून येतानाच कडक भाकरी आणि शेंगांची चटणी आणली होती. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, सोलापूरकडची ही भाकरी पापडासारखी कडकडीत असते, महिनाभर काही होत नाही तिला, डिस्नेच काय चंद्रावर न्या. काउंटरवर मागितलं की बर्फाचं गार पाणी फुकट देतात, ते घेतलं, एका झाडाखाली बसलो आणि भाकरी मोडली. तो आवाज! शेजारच्या टेबलावरचं कुटुंब दचकून बघायला लागलं. बगळा मात्र पळाला नाही, उलट जवळ आला, त्याला चटणीचा एक शेंगदाणा मिळाला असावा कारण नंतर त्याचं वागणं थोडं बदललं. (पक्ष्यांना खायला घालायचं नसतं, माहीत आहे, घातलं नाही, सांडलं.)

सासऱ्यांबद्दल अजून बोलले नाही कारण एक्सेलमध्येही त्यांची ओळ अशीच होती: बाबा, बेंच. गुडघे दुखतात, राईड आवडत नाही, बोलतात कमी. प्रवेशद्वारापाशीच रेल्वे स्टेशन आहे, त्याखालच्या बाकावर त्यांना सावलीत बसवलं, पाण्याची बाटली दिली, फोन दिला, आणि आम्ही उडते हत्ती करायला गेलो. हत्ती दोन मिनिटंसुद्धा उडत नाहीत, रांग मात्र चाळीस मिनिटांची. अडीचला आभाळ काळं झालं, गडगडायला लागलं, बाहेरच्या राईड्स थांबल्या आणि आम्ही पळत बाकापाशी आलो तर बाक रिकामा. फोन लावला तर वाजला स्ट्रोलरच्या खिशात. थोरलीनेच गेम खेळायला घेतला होता. तुम्हाला सांगते, मी गुडघ्यांवर बसले. नवरा एकीकडे धावला, सासूबाईंनी आधी विठ्ठलाला आणि मग सासऱ्यांना हाका मारल्या, आणि तेवढ्यात वर स्टेशनात शिट्टी झाली, गाडी आली आणि पहिल्याच डब्यातून, इंजिनाच्या अगदी मागून, बाबा उतरले. डोळे असे चमकत होते जसे त्यांच्या निवृत्तीच्या फोटोतही नाहीत. चौथी फेरी होती त्यांची.

बाबांनी नोकरी केली कुर्डुवाडीच्या रेल्वे वर्कशॉपात. फिटर म्हणून लागले. बार्शी लाईट, 1897 साली सुरू झालेली ती अडीच फूट रुंद रुळांची लाईन, तिची इंजिनं त्यांच्या हाताखालून गेलेली. लाईन ब्रॉडगेज झाली त्यानंतर ते वाफेच्या इंजिनाबद्दल घरात कधी बोलले नाहीत, असं सासूबाई सांगतात. आणि आता त्या पावसात, छपराखाली, ते थांबेचनात. "हे तीन फुटी आहे, आपलं अडीच. कोळसा नाही, तेल जाळतात, पण वाफ खरी, बॉयलर खरा. बाल्डविनचं इंजिन आहे, पाटी वाचली मी." खोटं वाटून नवऱ्याने मोबाईलवर बघितलं तर सगळं बरोबर. तिथली चारही इंजिनं बाल्डविन कंपनीची, 1916 ते 1928 मधली, मेक्सिकोच्या युकातानमध्ये राबलेली, 1969 मध्ये तिथून आणून टँपाच्या गोदीत नवी केलेली. बाबा एवढंच म्हणाले, "म्हणजे सेकंडहँड. तरीच इतकी चांगली चालतात."

पाऊस थांबेपर्यंत कॅरोझेल ऑफ प्रोग्रेसमध्ये जाऊन बसलो. हे 1964 च्या न्यूयॉर्क वर्ल्ड फेअरसाठी केलेलं नाटक, त्यात रंगमंच जागेवर राहतो आणि प्रेक्षकांच्या खुर्च्याच फिरतात. वीस मिनिटं एसी. पहिल्या प्रवेशात विजेच्या आधीचं घर आहे, ते बघून सासूबाई "अगं हे तर आमचा जुना वाडा" म्हणाल्या आणि पुढे प्रत्येक प्रवेशाला त्यांच्या घरात मिक्सर कधी आला, फ्रिज कधी आला याचा हिशेब चालू. परत बघायचं म्हणाल्या. बघितलं. एक्सेलमध्ये या गोष्टीचं नावही नव्हतं. अकरा राईड्स ठरवल्या होत्या, झाल्या तीन, त्यात एक हे फिरतं नाटक दोनदा, म्हणजे तसं बघितलं तर चार. मोबाईलने सांगितलं एकतीस हजार पावलं. त्यातली निम्मी बगळ्यामागे.

दुसऱ्या दिवसाचं सांगण्यासारखं फार नाही, सफारीच्या ट्रकमधून खरे जिराफ, खरे हत्ती बघितले, धाकट्याने कठड्यावरचा सरडा बघितला. बारा वाजता नवरा म्हणाला चला, आणि आम्ही चक्क निघालो. हॉटेलवर जाऊन सगळे आडवे. मी डोळे मिटून पडले होते पण आतल्या आत ते तिकिटाचे डॉलर टिकटिक करत होते, तो आवाज बंद व्हायला तासभर लागला. मग मीही झोपले. घोरलेसुद्धा, असा आरोप आहे.

तिसऱ्या दिवशी लॅपटॉप उघडला नाही. सकाळी दोन राईड्स, मग आगगाडी. पुन्हा दोन राईड्स, पुन्हा आगगाडी. पूर्ण फेरी दीड मैलाची, वीसेक मिनिटांची, स्ट्रोलर घडी करून घ्यायचा की झालं. बसायला मिळतं, वारा लागतो, कुणाची उंची मोजत नाहीत. दुसऱ्या फेरीला धाकटा बाबांच्या मांडीवर झोपला म्हणून आम्ही तिसरी मारली, तिसरी संपताना सासूबाई पेंगायला लागल्या म्हणून चौथी. मी आणि नवरा दोघांनीच शेजारी बसून काहीही न करता वीस मिनिटं कधी घालवली होती ते आठवून बघत होतो. आठवलं नाही. थोरली छोट्या रोलर कोस्टरवर गेली, त्याला पस्तीस इंचच लागतात, आणि तिथल्या काठीखाली जरुरीपेक्षा जास्त वेळ उभी राहिली, सगळ्यांना दिसावं म्हणून. बाथरूमला चार वेळा गेलो, चारही वेळा धाकट्याने स्वतःच्या हाताने चिठ्ठी लावली. आदल्या संध्याकाळी हॉटेलजवळच्या दुकानातून आम्ही तीन पाकिटं घेतली होती, गुलाबीवर फ्लश ओरडतो असं त्याचं मत आहे.

निघायच्या आधी बाबा इंजिनापाशी गेले. ड्रायव्हरला इंग्लिशमध्ये काय सांगावं ते त्यांना सुचेना, मग त्यांनी दोन्ही हातांनी कनेक्टिंग रॉड कसा फिरतो ते करून दाखवलं आणि छातीवर हात ठेवला. ड्रायव्हरने आपल्या टोपीला हात लावून सलाम केला आणि शिट्टी वाजवली. ती शिट्टी बाबांसाठी होती की गाडीच सुटायची होती यावर आमच्या घरात अजून वाद आहे.

परवा ऑफिसातली मैत्रीण म्हणाली, आम्ही पोरांना घेऊन डिसेंबरमध्ये चाललोय, तुझं ते एक्सेल पाठव ना. तिचं धाकटंही अडीच वर्षांचं. मी तिला पोस्ट-इटची दोन पाकिटं नेऊन दिली. पिवळी.