लिमिट कधी येणार?

महाराष्ट्रात शाळांच्या पैशावरून काही निघालं की आमच्या कॅलिफोर्नियातल्या बे एरियाच्या मराठी ग्रुपवर दोन तट पडतात. एक म्हणतो, सरकार शिक्षणावर खर्चच करत नाही, राष्ट्रीय उत्पन्नाचे सहा टक्के शिक्षणाला द्या, या कोठारी आयोगाच्या शिफारशीचं काय झालं? दुसरा म्हणतो, हजारो कोटी जातात, पण सगळे पगारात. जानेवारी 2025 मध्ये सरकारने पोषण आहारातल्या अंड्यांसाठी वेगळा निधी देणं बंद केलं आणि हवी तर लोकसहभागातून द्या असं शाळांना सांगितलं, तेव्हाही हेच झालं. टप्पा अनुदानासाठी, म्हणजे शाळांना टप्प्याटप्प्याने वाढत मिळणाऱ्या पगाराच्या अनुदानासाठी, शिक्षक आझाद मैदानावर बसले तेव्हाही तेच. रकमेच्या पुढे कुणी जातच नाही. माझं भांडण पैसे शाळेपर्यंत कधी पोचतात, त्या तारखेशी आहे.

माझी मामेबहीण जिल्हा परिषदेच्या एका छोट्या शाळेत मुख्याध्यापिका आहे. समग्र शिक्षा या केंद्र-राज्याच्या योजनेतून शाळेला वर्षाच्या किरकोळ खर्चासाठी संयुक्त अनुदान मिळतं, ते पटावर ठरतं. तीस मुलांपर्यंत 10,000 रुपये, एकतीस ते शंभरला 25,000. तिचा पट तिशीच्या आसपास रेंगाळतो. म्हणजे एक कुटुंब पोट भरायला पुण्याकडे सरकलं की शाळेचे पंधरा हजार गेले. खडू तेवढेच लागतात, फिनेल तेवढंच, गळकं छप्परही तेवढंच. त्यातले किमान दहा टक्के स्वच्छतेवर घालायचे आणि वीजबिलही त्यातूनच काढायचं. बरं, हे पैसे शाळेच्या हातात नसतातच. खातं शून्य शिल्लकीचं. वरून लिमिट, म्हणजे किती खर्च करता येईल ती मर्यादा, आली की पीपीए हा बँकेला द्यायचा पैसे चुकते करण्याचा कागद काढायचा, सह्या घ्यायच्या आणि बँकेत धावायचं. गेल्या खेपेला लिमिट आली ती वर्ष सरता सरता. जूनमध्ये उधारीवर आणलेल्या सामानाची बिलं तिने मार्चमध्ये जुळवली. मार्चएंडच्या गर्दीत शाळेला काय हवंय हे कोण बघतो? ज्या दुकानदाराचं पक्कं बिल तयार असतं, त्याचा माल घेतला जातो.

कॅलिफोर्नियात सरकारी शाळा डिस्ट्रिक्टकडे, म्हणजे स्थानिक शाळा मंडळाकडे, असतात आणि डिस्ट्रिक्टला 1 जुलैच्या आत अंदाजपत्रक मंजूर करावंच लागतं. आधी एका बैठकीत जाहीर सुनावणी, मग दुसऱ्या बैठकीत मंजुरी. बैठकीची विषयपत्रिका बहात्तर तास आधी लावायची, हा 1953 च्या ब्राउन कायद्याचा दंडक. मंजुरीनंतर काउंटी, म्हणजे वरचं जिल्हा पातळीचं कार्यालय, ते तपासतं, आणि वर्षात दोनदा डिस्ट्रिक्टला लिहून द्यावं लागतं की पुढचे खर्च आपण भागवू शकतो की नाही. मी अशा बैठकांना बसलो आहे. विलक्षण कंटाळवाणा प्रकार. रात्री दहाला समुपदेशकांच्या दोन पदांवर चर्चा चालते, पालक माइकपाशी रांग लावतात, मोजून दोन-तीन मिनिटं मिळतात. पण कोणत्या शाळेतलं कोणतं पद जाणार हे ते पद जाण्याआधी कळतं.

याचा अर्थ इथे सारं आलबेल आहे असा मुळीच नाही. 1978 च्या प्रपोझिशन 13 ने घरांवरच्या करांना वेसण घातली आणि शाळा राज्याच्या तिजोरीवर अवलंबून झाल्या. त्यामुळे शेअर बाजार पडला की श्रीमंतांच्या आयकरावर चालणारी ती तिजोरी आकसते, आणि 15 मार्चच्या आत शिक्षकांना कपातीच्या नोटिसा जातात. पैसे मिळतात ते पटावर नाही, रोजच्या हजेरीवर. लग्नासाठी पोरांना घेऊन तीन आठवडे भारतात निघालात की शाळा 'इंडिपेंडंट स्टडी'च्या, म्हणजे शाळेबाहेर राहून अभ्यास करण्याच्या, कागदावर सही मागते, ती काही फक्त अभ्यासाच्या काळजीपोटी नाही. 2013 पासूनच्या निधीवाटपाच्या सूत्रात गरीब, इंग्रजी शिकणारी आणि फॉस्टर घरांतली (आईबापांऐवजी दुसऱ्या कुटुंबात ठेवलेली) मुलं यांच्यामागे वीस टक्के जास्त मिळतात, आणि अशी मुलं 55 टक्क्यांच्या वर गेली की आणखी. हे मला मनापासून पटतं, जरी इंजिनीअर आईबापांचं, घरी मराठी बोलणारं पोरही कधीकधी त्याच यादीत जाऊन बसत असलं तरी. आणि पालो आल्टोसारख्या गावात मालमत्ता कर इतका येतो की त्यांना सूत्राची गरजच पडत नाही. शेजारच्या गावात मात्र वर्षारंभी पालकांपुढे देणगीची झोळी फिरते.

तर पैशाची विषमता इथेही आहे. फरक एवढाच की पैसा अडला तर कुठे अडला ते दिसतं.

आपल्याकडे हे कायद्यात नाही असंही नाही. शिक्षण हक्क कायद्याने 2009 मध्येच प्रत्येक सरकारी शाळेला व्यवस्थापन समिती दिली, तीत पाऊण सदस्य पालक, आणि शाळेचा विकास आराखडा करण्याचं काम तिचंच. पण आराखडा समितीने करायचा आणि पैसा कशावर खर्चायचा ते वरूनच ठरवून यायचा, म्हटल्यावर पालक सहीपुरतेच उरतात. गणवेशाचं काय झालं ते आठवा. मुलामागे दोन गणवेशांचे 600 रुपये, कापड समिती घ्यायची, गावातला शिंपी शिवायचा. मग 'एक राज्य एक गणवेश' आलं, 2024-25 मध्ये कापड राज्याने एकगठ्ठा घेतलं, शिलाई बचत गटांकडे गेली, आणि कित्येक शाळांत पहिलं सत्र सरत आलं तरी पोरं जुन्याच कपड्यांत. डिसेंबर 2024 मध्ये काम पुन्हा समित्यांकडे. गावात पैसे खाल्ले जातात, म्हणून खरेदी मुंबईतून बरी, असं सांगणाऱ्यांनी हे वर्ष तपासून बघावं. गावातला शिंपी चुकला तर त्याच्या दारात जाता येतं.

आणि आम्ही परदेशस्थ? लोकसहभाग म्हटलं की आमचा हात लगेच खिशात जातो. प्रोजेक्टर द्या, टॅब द्या, डिजिटल वर्ग रंगवून द्या, उद्घाटनाचा फोटो पाठवा. वीजबिल थकून जोडणी तुटलेल्या शाळेतल्या प्रोजेक्टरचा फोटो मात्र कुणी पाठवत नाही. बिल भरण्यात फोटो नसतो. शिवाय लोकसहभाग जितका वाढतो, तितकं सरकारला अंडं काढून घेणं सोपं जातं. ज्या गावातून कुणी अमेरिकेत गेलं नाही, तिथल्या पोरांनी मग काय करायचं?

माझी मागणी फार मोठी नाही. संयुक्त अनुदान जूनमध्ये शाळा उघडते तेव्हा लिमिटमध्ये दिसावं. तीस-एकतिसाची पायरी मोडून किमान ठोक रक्कम आणि वर मुलागणिक भर, असं करावं. आणि जिल्हा परिषदेच्या संकेतस्थळावर शाळेच्या नावापुढे मंजूर रक्कम, मिळालेली रक्कम आणि मिळाल्याची तारीख असावी. पहिले दोन आकडे शोधले तर कुठेतरी सापडतात. तारीख छापायला कुणी तयार नसतं, कारण तारखेवरून फाइल कुणाच्या टेबलावर किती दिवस पडून होती ते कळतं.