युक्रेनची काळी माती खतानं विषारी झाली म्हणे. आधी हिशोब तरी करा

"सुपरफॉस्फेट टाकून टाकून युक्रेनची काळी माती फ्लोरिननं भरली, उरलंसुरलं नद्या समुद्रात नेतील, नाहीतर जिप्सम टाका, विषय संपला." हा मेसेज सगळीकडे फिरतोय आणि शेतीतली शिकलेली माणसंही पुढे ढकलतायत, म्हणून लिहितोय.

पहिलं, खत. सुपरफॉस्फेटमध्ये फ्लोरिन असतं, एक-दीड टक्का, कारण ते ज्या खडकापासून बनतं त्यातच ते असतं. हेक्टरी 200 किलो खत म्हणजे फार तर 3 किलो फ्लोरिन. आणि वरच्या 20 सेंटीमीटर मातीचं वजन हेक्टरी 2600 टनांच्या आसपास, मातीत किलोमागे सरासरी 300 मिलिग्रॅम धरलं तरी आधीपासूनच पावणेआठशे किलो फ्लोरिन पडलेलं आहे! खताची भर पडत जाते हे मान्य, पण "भरली"? युक्रेनच्या पोल्टावा भागात खोल बोअरच्या पाण्यात फ्लोराईड लिटरला 1.5 मिलिग्रॅमची मर्यादा ओलांडतं, पोरांच्या दातांवर डाग पडतात, ते जमिनीखालच्या थरांतून आलंय, पोत्यातून नाही.

आता खरी गंमत, जी मेसेजमध्ये नाहीच. किती फ्लोरिन आहे यापेक्षा ते सुटं किती आहे हे महत्त्वाचं. चांगल्या चेर्नोझेममध्ये, म्हणजे तिथल्या काळ्या मातीत, कॅल्शियम भरपूर, तो फ्लोराईडला धरून ठेवतो. पण पोल्टावाकडच्या व्होर्स्क्ला, प्सेल असल्या नद्यांच्या खोऱ्यात सखल पट्ट्यांवर चोपण, म्हणजे सोडियमनं बिघडलेल्या जमिनी आहेत, तिथे सोडा (सोडियम कार्बोनेट) असतो, पीएच 9 च्या वर, कॅल्शियम चुनखडी होऊन खाली बसतो आणि फ्लोराईडला धरायला कोणी उरत नाही, वर अल्कलीपणामुळे चिकणमातीला चिकटलेलंही सुटतं. म्हणजे एकूण आकडा तोच असला तरी पाण्यात उतरणारं कितीतरी जास्त.

नदी वाहून नेईल म्हणणाऱ्यांनी स्टेपचा, म्हणजे तिथल्या कोरड्या गवताळ मैदानाचा उन्हाळा आठवावा. पाऊस कमी, बाष्पीभवन जास्त, चढावरचं पाणी क्षार घेऊन खोऱ्यात उतरतं आणि तिथूनच वर ओढलं जाऊन उडून जातं, क्षार मागे. आपल्याकडे पूर्णेच्या खोऱ्यातला खारपाणपट्टा ज्यानं पाहिलाय त्याला सखल जागी क्षार कसे साचतात ते सांगायला नको.

राहिलं जिप्सम. कॅल्शियम मिळतो, फ्लोराईड बांधलं जातं, इथपर्यंत बरोबर. पण तिकडे चोपण सुधारायला बऱ्याचदा फॉस्फोजिप्सम वापरतात, खत कारखान्यातला उरलेला माल, त्यातच अर्धा-एक टक्का फ्लोरिन. हेक्टरी 5 टन टाकलं की 25 ते 50 किलो एका दमात, त्या बिचाऱ्या सुपरफॉस्फेटच्या 3 किलोपुढे बघा! कॅल्शियम सोबत असल्यामुळे बरंचसं अडकून राहतं, पण जिप्समच्या कॅल्शियमनं मातीतून सुटलेलं सोडियम बाहेर काढायला चर खणले नसतील तर ते तिथेच राहणार, सोडा परत वर येणार, आणि अडकलेलं फ्लोराईड पुन्हा सुटायला लागणार.