विकत कुठला घ्यायचा ते सोडा, कंदील करणार कोण?

दिवाळी जवळ आली की डोंबिवलीच्या आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर दरवर्षी तोच वाद, चायनीज प्लास्टिकचे कंदील नकोत, मग कुणीतरी म्हणतं स्वस्तात मिळतायत तर काय बिघडलं, मग माहीमच्या कंदील गल्लीतून आणू या, मग तिथल्या भावांवरून परत सुरू. माहीमवाल्यांकडून जरूर घ्या, हातावरचं काम आहे त्यांचं. पण इथे जर्मनीत, बॉनमध्ये बसून हे वाचताना मला खरंच वाईट वाटतं, कारण अख्खं भांडण विकत काय घ्यायचं यावरच चाललेलं असतं.

इथे ११ नोव्हेंबरला सेंट मार्टिनचा दिवस असतो, थंडीत कुडकुडणाऱ्या भिकाऱ्याला आपला अर्धा झगा कापून देणारा तो संत. त्या सुमारास अंधार पडला की पोरं आपापले कंदील काठीला लावून मिरवणुकीने निघतात, पुढे घोड्यावर मार्टिन, शेवटी मोठी शेकोटी आणि खायला माणसाच्या आकाराचा गोड पाव. कंदील करायला बालवाडीत आईबापांनाच बोलावतात, चीजची रिकामी गोल डबी, रंगीत पारदर्शक कागद, गोंद, आत बॅटरीचा दिवा. तयार कंदील इथल्या दुकानांतही मिळतात की! पण करायचा दिवस ठरलेला, मिरवायचा रस्ता ठरलेला, म्हणून करणं टिकलंय.

२०२३ मध्ये मार्टिन शनिवारी आणि लक्ष्मीपूजन लगेच रविवारी आलं तेव्हा लेकीचा घुबडाचा कंदील मिरवणुकीतून थेट आमच्या बाल्कनीत लागला. पुढच्या वर्षी म्हटलं आता आपला षटकोनी करू, बागकामाच्या दुकानातून बांबूच्या काड्या आणल्या, घरी मैद्याची खळ शिजवली, आणि बाबांनी व्हिडिओ कॉलवर कंदिलाच्या कागदी करंज्या कशा वळायच्या, झिरमिळ्या कशा कापायच्या ते दोन तास दाखवलं.

हे बाबा शिकले ते चाळीत, जिथे पोरं रात्र रात्र जागून सगळ्या चाळीचा एक मोठा कंदील करायची. गोव्यात अजून गावोगावी कंदिलांच्या स्पर्धा होतात, तिथे माणसं आठवडे आठवडे खपतात. आपल्या सोसायटीत मात्र वर्गणी निघते आणि तयार माळा, कंदील येतात.

तर माझं म्हणणं एवढंच, यंदा त्या वर्गणीतून कामट्या, सुतळी, पतंगाचा कागद आणा आणि वसुबारसेच्या आधीच्या रविवारी पार्किंगमध्ये सतरंज्या टाका. करंज्या शिकवायला बाबा येतील, मी विचारलंय त्यांना.