खुलासा : डिस्क गोल्फ टीव्हीवर क्वचितच का दिसतो?

‘डिस्क गोल्फला प्रेक्षकच नाहीत, म्हणून अमेरिकेतील वाहिन्या तो दाखवत नाहीत’ असा मजकूर सध्या फिरत आहे. तो दिशाभूल करणारा आहे. डिस्क गोल्फ म्हणजे चकती कमीत कमी फेकींत साखळ्यांच्या टोपलीत टाकण्याचा खेळ; त्यातील प्रत्येक टप्प्याला होल म्हणतात. 2021 मध्ये यूटा राज्यातील ऑग्डेन येथे झालेल्या जागतिक अजिंक्यपद स्पर्धेत जेम्स कॉनरॅडने अखेरच्या फेरीच्या शेवटच्या होलवर सुमारे 75 मीटरवरून फेकलेली चकती थेट साखळ्यांच्या टोपलीत विसावली, प्रतिस्पर्धी पॉल मॅकबेथशी त्याची बरोबरी झाली आणि पुढे विजेतेपदही त्यालाच मिळाले. त्या फेकीचे चित्रण यूट्यूबवर आणि समाजमाध्यमांवर लाखो लोकांनी पाहिले. प्रेक्षक आहेत, हे यातून स्पष्ट दिसते.

खरी अडचण चित्रीकरणाची आहे. क्रिकेटचे मैदान ठरलेल्या जागी कॅमेरे लावून टिपता येते. येथे मात्र अठरा होल झाडीत आणि चढउतारांवर पसरलेले असतात, अनेक गट एकाच वेळी खेळत असतात आणि वेगाने वळणारी छोटीशी चकती झाडांआड सहज हरवते. थेट प्रक्षेपणासाठी फिरते कॅमेरे आणि रानात टिकणारी संदेशवहन यंत्रणा लागते. हा खर्च जाहिरातींतून निघेल याची वाहिनीला खात्री नसते, म्हणून अशा खेळांच्या आयोजकांना अनेकदा प्रक्षेपणाची वेळ स्वतःच विकत घ्यावी लागते. माझ्या मते मूळ मजकुरात हाच मुद्दा सुटला आहे. फेरी नेमकी कधी संपेल हेही आधी सांगता येत नाही. त्यामुळे डिस्क गोल्फचे चित्रण करणारे जोमेझ प्रॉडक्शन्ससारखे चमू खेळ संपल्यावर संकलित केलेले चित्रण यूट्यूबवर देतात, आणि या खेळाला तेच अधिक मानवते.